ओंडक्यांचा वैद्य

“कान दे. हात नंतर, डोळे त्याच्याही नंतर. आधी कान दे,” म्हातारा म्हणायचा. म्हातारा जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्याचा तो भुशाने जाड झालेला, खरबरीत आवाज वैद्यबुवाला अजून इतका लख्ख ऐकू येई, की आपल्या कानांनी तेवढा एकच आवाज मुठीत घट्ट धरून ठेवला आणि बाकीचे सगळे बोटांच्या फटींतून सांडू दिले, असं त्याला वाटे. म्हातारा, त्याला काम शिकवणारा, वखारीत ओंडके ठोकायचा. करवतीवर चढण्याआधी प्रत्येक ओंडका त्याच्या हातोडीखालून जायचा. तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हळूहळू ठोकत जायचा, सालीला कान लावायचा आणि सांगायचा, हा मोकळा आहे, ह्याच्या पोटात काहीतरी आहे. झाडं लोखंड गिळतात. कुणी पाटी ठोकून गेलेला असतो, कुणी कपडे वाळत घालायला तार बांधलेली असते. माणूस विसरतो, झाड वाढत राहतं, आणि साल त्या लोखंडावर अशी मिटते, की वरून हात फिरवला तर तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी मऊ लागते. पण करवतीचा पट्टा त्याच्यावर आदळला की फुटतो, आणि फुटलेला पट्टा कुणाच्या दिशेने उडेल हे कुणाच्याच हातात नसतं. म्हणून ऐकायचं. मोकळं लाकूड पूर्ण बोलतं, त्याचा आवाज पार शेंड्यापर्यंत जाऊन येतो. लोखंड गिळलेलं लाकूड अर्धं बोलतं आणि मध्येच आवंढा गिळतं. म्हातारा ठोकता ठोकता गुणगुणायचा, स्वतःचंच काहीतरी जुळवलेलं:

सांग सांग रे ओंडक्या, तुझ्या पोटात काय
खिळा गिळलास कुणाचा, तार गिळलीस काय
सालीखाली झाकलेलं करवतीला कळतं
आधी मला सांगशील तर दोघांचंही टळतं

म्हाताऱ्यामागे ती हातोडी त्याच्याकडे आली आणि हातोडीबरोबर नावही आलं. पाठीवर बोटं आपटून छाती तपासतात तसा हा ओंडके तपासतो, म्हणून सगळे त्याला वैद्यबुवा म्हणू लागले. “वैद्यबुवा, एकदा आमच्या सासूबाईंना ठोकून बघा हो, पोटात काय ठेवतात काही कळत नाही,” असले विनोद त्याने इतकी वर्षं ऐकले, की पुढे ते ऐकू येईनासे झाले तरी समोरच्याच्या तोंडाच्या वळणावरून तो नेमका हसायच्या जागी हसू शकत होता. तपासून झालं की तो खडूने खूण करायचा. लोखंड असेल तिथे फुली. काही नसेल तर बुंध्याच्या गोल तोंडावर बरोबरची खूण, शाळेतल्या बाई वहीत करतात तशी. ती बरोबर बघितली की करवत चालवणारा डोळे झाकून ओंडका पूर्ण वेगाने पुढे ढकलायचा. वखारीत लेखी असं दुसरं काही नव्हतंच. एक खडू, एक खूण, आणि ती करणाऱ्याच्या कानांवर टाकलेला दुसऱ्याच्या हातांचा भार.

सोमवारी दुपारी फाटकाजवळच्या फळ्यावर कागद लागला. कागद शेजारच्या कागद गिरणीत बनलेला होता; वखार आणि गिरणी एकाच मालकाची. म्हणजे वखारीतून सरकत्या पट्ट्यावरून पलीकडे जाणाऱ्या सालपटांतून आणि तुकड्यांतून झालेला. त्यात आपण ठोकलेलं एखादं झाड असणारच, असं त्याच्या मनात आलं, आणि मग तो वाचू लागला. महिनाअखेर वखार बंद. गिरणीला लागणारा लाकडाचा चुरा यापुढे तयार येणार. वखारीतल्या त्रेचाळीस माणसांपैकी चौदांना कागद गिरणीत घेणार. ज्यांच्या नावावर अपघाताचा शेरा आहे त्यांचा विचार होणार नाही. आणि शेवटची ओळ: गिरणीतल्या यंत्रांवर सगळे इशारे घंटेने दिले जात असल्यामुळे निवडलेल्या प्रत्येकाची कानाची तपासणी बुधवारी दवाखान्यात होईल. खाली चौदा जणांची यादी. त्याचं नाव दुसरं होतं. मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो असा दचकला, की कपाळ फळ्यावर आपटलं. सगळे हसले. “आनंदाने डोकं फोडून घेऊ नका, वैद्यबुवा,” कुणीतरी म्हणालं असावं. त्याला फक्त दात दिसले. तोही हसला.

डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला. गेला म्हणजे कुठे एका दिवशी गेला नाही. ओंजळीतलं पाणी जातं तसा गेला. पहिल्यांदा बारीक आवाज गेले. नळाचं ठिबकणं गेलं, घड्याळ गेलं, कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज गेला. तो म्हणायचा, घर हल्ली फार शांत झालंय. मग एक दिवस करवत थांबली असताना त्याने शिट्टीकडे बघितलं. शिट्टी म्हणजे त्याचा जोडीदार, करवत चालवणारा. उठता बसता शिट्टी वाजवायचा म्हणून त्याला तेच नाव पडलेलं. त्याच्या ओठांचा चंबू झाला होता, गाल आत ओढले होते, मान तालावर डोलत होती, आणि आवाज काहीच नव्हता. वैद्यबुवाला वाटलं, हा थट्टा करतोय, नुसतीच हवा सोडतोय. मग त्याने बघितलं, की भुशाची पाटी घेऊन जाणारी बाई त्याच तालावर पावलं टाकत चाललीय. त्या दिवसापासून माणसं चालत येईनाशी झाली. ती उगवू लागली. जिन्यात, रस्त्यात, दाराआड, एकदम समोर, एकदम पाठीशी, आणि प्रत्येक वेळी काळीज ससा पळावा तसं पळे. रस्ता ओलांडताना तो चार चार वेळा दोन्हीकडे बघू लागला. बसायचं तर भिंत डावीकडे घेऊनच. उजवा कान अजून थोडा होता, पाण्याखालून कुणी बोलावं इतका.

आणि गंमत अशी, की हे सगळं जगात कुठेही उघडं पडलं असतं, पण वखारीत नाही. करवत सुरू असली की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. वखारीतली माणसं हातांनी बोलतात: दोन बोटं मनगटावर म्हणजे वेळ झाली, मूठ छातीला लावली म्हणजे जड आहे, कानाची पाळी ओढली म्हणजे साहेब येतोय, हनुवटीखाली पंजा फिरवला म्हणजे चहा. तिथे तो इतका सराईत होता, की त्याच्याइतकं भरभर कुणी बोलत नसे. त्या गोंगाटात बहिरा आणि धडधाकट एकाच पंगतीला बसतात. त्याला गोंगाटाची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती शांत जागांची. बँकेची रांग, मुलीच्या शाळेतली सभा, जेवणानंतरचं घर. जिथे लोक सुखाने आवाज खाली घेतात, तिथे त्याच्या तळहातांना घाम फुटायचा.

फळ्यावर कागद लागायच्या दोन महिने आधीच कुजबूज होती, आणि त्याने एका रविवारी गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाची एक वखार गाठली होती. हातोडी पिशवीत होती, का घेतली होती कोण जाणे. तिथला मुकादम भला माणूस निघाला, त्याने बसायला दिलं, चहा दिला. मग हाताला धरून आत नेलं आणि एक लोखंडी चौकट दाखवली, दाराच्या चौकटीएवढी. ओंडका सरकत्या पट्ट्यावरून तिच्यातून जात होता, आणि एका जागी वर लाल दिवा लागला. मुकादम त्याच्या उजव्या कानाशी येऊन बोलला म्हणून कळलं. “काका, आता दार ऐकतं,” तो म्हणाला. “त्याला ना रजा, ना पडसं. बाकी तुम्हाला दुसरं काय येतं?” वैद्यबुवा विचार करत राहिला. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काय येतं. झाड बघून वय सांगता येतं. भुशाच्या वासावरून लाकूड ओलं की सुकं ते सांगता येतं. उभ्या आयुष्यात त्याला कुणी दुसरं काही विचारलंच नव्हतं. परत येताना त्याला सारखं वाटत होतं, की लाल दिवा आपल्याच डोक्यावर लागलाय आणि रस्त्यातली माणसं वर बघताहेत.

सोमवारी संध्याकाळी त्याने घरी सांगितलं. बायकोने हात पुसले, हात जोडले नाहीत, नुसते एकमेकांत धरले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. “दुसरं नाव?” तिने विचारलं. “चौदांत दुसरं,” तो म्हणाला. तपासणी कानाची आहे, हे तिला सांगितलं नाही. ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि बोलत राहिली. तिची पाठ बोलत होती, मानेवरचा अंबाडा हलत होता, आणि तो अंबाड्याच्या हलण्यावरून अंदाज बांधत अधूनमधून “हो ना” म्हणत होता. ही युक्ती जुनी होती. मुलीला ती ठाऊक होती. ती तेरा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. खिडकीकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून तिने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, “जा, पण लवकर ये.” दोघी पोट धरून हसायला लागल्या. तोही हसला. मग मुलीने वळून, ओठ मोठे करत सांगितलं, “बाबा, मी विचारलं चंद्रावर जाऊ का, आणि तू म्हणालास लवकर ये.” “मग बरोबरच आहे की,” तो म्हणाला, “तिथे कशाला जास्त वेळ थांबायचं?” पुन्हा हसू. बायको म्हणाली, “तुमचं हल्ली लक्ष नसतं हो कशात. ऐकून न ऐकल्यासारखं करता.” त्याला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, नाही, हिला फक्त राग आलाय. आणि राग परवडला. रागावलेली बायको नवऱ्याला नवराच समजते. खरं कळलं, तर ती आपल्याला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायला लागेल.

जेवताना ती समोर बसली, म्हणून पुढचं सगळं त्याला ओठांवरून वाचता आलं. “शिट्टीभावजींचं नाव नाही ना यादीत?” त्याने मान हलवली. “त्यांची बायको भेटली मघाशी. म्हणाली, हे बुधवारी दवाखान्यापाशी जाऊन बसणार आहेत. साहेब तिथे येणार आहे ना, त्याला परत एकदा विनवणार. म्हटलं, विनवून बघू दे. पण शेरा कसा पुसायचा?” तिने घास थांबवला. “वेगात चालवली नसती त्यांनी त्या दिवशी, तर दोन्ही घरं तरली असती. पण त्यांना बोलून तरी काय उपयोग. बोटं त्यांचीच गेली.” त्याने हातातली भाकरी खाली ठेवली. तिने पाण्याचा पेला पुढे केला. तिचा हात, पाचही बोटं त्या पेल्याभोवती. त्याला ती बोटं मोजायचा मोह आवरेना.

त्या अपघाताला दीड वर्ष झालं होतं. दुपारची वेळ, ट्रकमधून उतरलेला एक जाडजूड ओंडका, कुठल्यातरी जुन्या रस्त्याकडेचा. रस्त्याकडेचं झाड म्हटलं की म्हातारा दोनदा ठोकायचा, कारण रस्त्याकडच्या झाडांवर सगळं जग काही ना काही ठोकून जातं. वैद्यबुवाने तीनदा ठोकलं. उजवा कान सालीला लावला. पाण्याखालून काहीतरी आल्यासारखं वाटलं. मग त्याने डावा तळहात सालीवर पसरला आणि हातोडी मारली. कंप तळहातात शिरला, मनगटातून कोपरापर्यंत गेला, आणि तो कंप त्याला बरा वाटला. बरा म्हणजे काय, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिकडे शिट्टीने दोन बोटं मनगटावर ठेवून विचारलं, किती वेळ? त्याची मान डोलत होती. त्या क्षणी वैद्यबुवाने एकदा मनाशी म्हटलं, ह्याला सांगावं, आज हा ओंडका बाजूला ठेव, माझा कान बरा नाही. फक्त आजच्यापुरतं. आणि लगेच दिसलं, की आज सांगितलं की उद्याही सांगावं लागेल, परवाही, आणि मग कुणीतरी विचारेल, मग तुमचं इथे काम काय. खडू बुंध्यावर गेला. बरोबर. पांढरीशुभ्र, शाळेतल्या बाईंची. पट्टा फुटला तेव्हा तो आवाज त्याला ऐकू आला नाही. जमिनीतून पायांत आला. शिट्टी उभाच होता, डाव्या हाताकडे बघत, कुणीतरी हातात अनोळखी वस्तू दिल्यासारखा. बाजूच्या माणसांची तोंडं उघडी होती. जग असं मुकं ओरडत होतं, आणि भुसा हळूहळू लाल होत गेला.

चौकशीत साहेबाने विचारलं, “ओंडका ठोकला होता का?” तो म्हणाला, “हो.” “खूण केली होती का?” “हो.” हे दोन्ही खरं होतं. खूण असलेलं ओंडक्याचं तोंड तोवर सरकत्या पट्ट्यावरून पलीकडे गेलं होतं, चुरा होऊन, लगदा होऊन. पण कुणी ते बघायला मागितलंही नाही, इतका त्याच्या कानांवर सगळ्यांचा विश्वास. इतक्या वर्षांत एक चूक नाही. मग चूक वेगाचीच असणार. साहेबाने शिट्टीला विचारलं तेव्हा शिट्टी म्हणाला, “असेल साहेब, वेग जास्त असेल. त्या दिवशी मी खुशीत होतो.” एवढंच. दवाखान्यात भेटायला गेल्यावर पट्टी बांधलेला हात उचलून दाखवत तो म्हणाला होता, “वैद्यबुवा, आता हिशेब सोपा झाला. जड आहे सांगायला पुरी मूठ लागायची, आता तीन बोटांत भागतं.” वैद्यबुवा हसला होता. त्या हसण्याची चव अजून तोंडात होती, गंजलेल्या खिळ्यासारखी.

मंगळवारी दिवसभर वखारीत हातांनी एकच बोलणं चाललं होतं. यादीतले सगळेच घाबरले होते, कारण इतकी वर्षं त्या करवतीशेजारी काढून कुणाचे कान शाबूत असणार. पण त्यांतल्या एकाच्या मेहुण्याने अशी तपासणी दिली होती, आणि त्याने तोड सांगितली होती. काचेच्या खोक्यात बसवतात, डोक्यावर हेडफोन घालतात, बाई बाहेर बटण दाबते, आवाज आला की बोट वर करायचं. आणि बाई बटण दाबते तेव्हा तिचा खांदा हलतो. काचेतून दिसतो. एवढंच. वखारीच्या माणसाला खांदा वाचता येत नाही तर कुणाला? हातांनी ही बातमी ओंडक्यांच्या रांगेवरून या टोकाकडून त्या टोकाकडे गेली आणि जाता जाता सगळे हसले. कानाने नाही जमलं तर डोळ्याने पास व्हायचं. वैद्यबुवाही हसला, पण त्याच्या लक्षात आलं, की इतर जण हसताना थोडे मोकळे होताहेत आणि आपण आणखी आक्रसतोय. त्यांना नापास व्हायची भीती होती. त्याला नेमकी कशाची होती, ते त्याला कळत नव्हतं. बंद होणाऱ्या फाटकाची? त्या लोखंडी दाराची? की तिकडे बाकावर येऊन बसणाऱ्या तीन बोटांच्या हाताची? तो ओंडक्यांवर हातोडी मारत राहिला. दिवसभरात आठ ओंडक्यांवर त्याने फुली मारली. त्यांतले कितीतरी मोकळेच असणार. दीड वर्षं त्याचं हेच चाललं होतं: शंका आली की फुली, शंका नाही आली तरी फुली. साहेब म्हणायचा, “वैद्यबुवा आता जास्तच काटेकोर झालेत.”

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात यादीतली बाकीची तेरा माणसं बाकांवर धुतलेल्या कपड्यांत बसली होती, आणि भिंतीकडेला, यादीत नसलेला, शिट्टी. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. डावा हात खिशात होता. वैद्यबुवाला बघून त्याने सरकून जागा केली, आणि वैद्यबुवा भिंत डावीकडे येईल असा, त्याच्या डाव्या अंगाला बसला. शिट्टीने मान वळवून सावकाश, तोंड नीट उघडत विचारलं, “घाबरलात?” तो म्हणाला, “नाही रे.” शिट्टी म्हणाला, “मी घाबरलोय. साहेबाला म्हणणार आहे, यंत्रावर नको, झाडायला ठेवा. तीन बोटांत झाडू येतो धरता. घरी करून बघितलं मी.” आणि हसला. मग पुढे म्हणाला, “तुम्ही आत गेलात ना, की माझ्यासाठी एक शब्द टाका. तुमचं ऐकतात सगळे.” वैद्यबुवाने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

त्याला आत बोलावल्याचं शिट्टीने कोपराने ढोसून सांगितलं. खोली लहान होती, भिंतींना भोकाभोकांचे ठोकळे लावलेले, आणि मध्ये काचेचं खोकं. पंचविशीतली एक मुलगी, पांढरा कोट, केसांना रंगीत चाप. तिने काय सांगितलं ते त्याने ओठांवरून घेतलं: बसा काका, आवाज आला की बोट वर. खोक्याचं दार लागलं आणि शांतता त्याच्यावर गोधडीसारखी पडली. अशी शांतता त्याने कधी अंगावर घेतली नव्हती. आतल्या आत रक्त वाहताना ऐकू येत होतं, खूप लांबवर चाललेल्या करवतीसारखं. त्याने काचेतून तिच्या उजव्या खांद्यावर नजर रोवली. खांदा हलला. बोट वर. खांदा हलला. बोट वर. मध्ये ती थांबली. तिने केस मागे सारले, बोट उठता उठता राहिलं. पुन्हा खांदा. बोट. किती सोपं होतं. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि त्याला तिची कीव आली. म्हाताऱ्यालाही असंच वाटलं असणार, त्याने आपल्याला पहिल्यांदा शाबासकी दिली तेव्हा. दोन्ही कान तपासून झाले, तिने कागदावर दोन बरोबरच्या खुणा केल्या, एक उजव्याला, एक डाव्याला. निळ्या शाईच्या.

तिने दार उघडलं आणि कागद त्याच्यासमोर धरला. “वखारीतला सगळ्यात चांगला कान म्हणतात ते उगाच नाही,” ती म्हणाली. “साहेबांनी तुमचं काम आधीच लिहून ठेवलंय, बघा.” तिचं बोट ओळीवर होतं, म्हणून त्याने वाचलं. वाळवणीच्या रोलांची सफाई, घंटेचा पहारा. त्याला ते काम ठाऊक होतं. पलीकडे जाताना त्याने कितीदा बघितलं होतं. दोन माणसं वाफेच्या टोपाखाली कमरेपर्यंत आत वाकून कागद वाळवणारे गरम रोल पुसतात. आत वाफेचा इतका गोंगाट, की त्यांना घंटा ऐकू येत नाही. म्हणून तिसरा माणूस बाहेर उभा असतो. रोल फिरायच्या आधी तीनदा घंटा होते, आणि तो त्या दोघांच्या पाठीवर थाप मारतो. तेवढंच त्याचं काम. दोन माणसांचे चार हात, आणि बाहेर एक माणूस, ऐकणारा. तिथे फुली मारायला काही नसतं. तिथे शंका आली म्हणून ओंडका बाजूला सारता येत नाही. त्याला ते दोघं दिसले, चेहरे नसलेले, नुसत्या वाकलेल्या पाठी, आणि आपण त्यांच्या मागे उभे, कुठलातरी खांदा शोधत.

मुलगी शिक्का उचलत होती. त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. ती दचकली. “ताई,” तो म्हणाला, अगदी हळू, तिच्यापुरतं, “शिक्का मारू नका. मला ऐकू येत नाही. मी तुमचा खांदा बघत होतो.”

तिने काहीतरी विचारलं. त्याला ते दिसलं नाही, कारण तिच्या चेहऱ्याचं काहीतरी झालं होतं. मग तिने तळहात खाली करून हवेत दोनदा दाबला. हळू, हळू बोला. त्याला समजेना, याहून हळू कसं बोलायचं. आणि मग त्याने दाराच्या काचेकडे बघितलं. व्हरांड्यातल्या सगळ्या माना इकडे वळल्या होत्या. तेरा चेहरे. शेजारच्या खोलीतून साहेब बाहेर आला होता, हातात पेन तसंच. आणि शिट्टी बाकावरून उठून उभा होता. तेव्हा वैद्यबुवाला कळलं, की आपण कुजबुजलो नाही, आपण ओरडलो. आपण गेली तीन वर्षं घरीदारी असेच ओरडत असू आणि सगळ्यांना वाटत असेल, ह्याला वखारीची सवय आहे.

दार उघडलं. शिट्टी आत आला, त्याच्या मागे साहेब. शिट्टीचे ओठ हलले. “कधीपासून?” त्याने विचारलं.

वैद्यबुवाच्या पायांखालची फरशी हलत नव्हती, तरी त्याने टेबलाची कड धरली. आता घरी जाऊन सांगायचं होतं. मग महिनाअखेर होती, आणि त्यानंतर काय, ते त्याला कुठूनच दिसत नव्हतं. पण आवाजाची चिंता उरली नव्हती. जो काही आवाज असेल तो असो. त्याने आधी साहेबाकडे बघितलं, पेन उघडं आहे ना ते बघितलं, आणि मग शिट्टीकडे.

“त्या ओंडक्याच्या आधीपासून,” तो म्हणाला. “तो ओंडका मी ठोकला, पण ऐकला नाही. मला काही ऐकूच आलं नव्हतं. तळहाताला बरं लागलं म्हणून खूण केली. साहेब, हे लिहा. याचा वेग बरोबर होता. खूण माझी चुकली.”